तेल आमचे, उजेड कोणाचा?

जामनेरच्या बाजारात अलीकडे एक नवाच माल खपावयास येऊ लागला आहे. त्या मालाचे नाव द्वेष! "मुसलमानाने तलवारीखेरीज जगाला दिले काय?" असे विचारणारे वाचाळ देवळाच्या ओट्यापासून चहाच्या दुकानापर्यंत भेटतात, आणि आमचे भोळे कुणबी, माळी, तेली, सुतार बंधू माना डोलवितात. बंधूंनो, मान डोलविण्यापूर्वी आपली हिशेबाची वही उघडा. तीत तुम्ही 'तारीख' घालता, 'जमा' लिहिता, 'वजा' करिता, 'बाकी' काढिता. हे सारे शब्द मुळात अरबी आहेत. ज्या कागदावर लिहिता त्याचे नावही फारशीतून आले. मग तुमच्या वहीत तलवार आली की विद्या आली?

इ.स. 820 च्या सुमारास बगदादेस अल्-ख्वारिज्मी नावाचा गणिती होता. त्याने आपल्या देशातील दहा अंक शिकून त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि हा हिंदूंचा हिशेब आहे असे उघड सांगितले. दुसऱ्याची विद्या घेतली, पण त्याचे नाव पुसले नाही! पुढे युरोपियन लोक ते अंक त्याच्याच ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरावरून शिकले. बीजगणितास इंग्रज 'अल्जिब्रा' म्हणतो तो शब्द याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातला, आणि आज मोबाईल ज्याच्या जोरावर चालतो तो 'अल्गोरिदम' शब्द तर याच्या नावाचाच अपभ्रंश.

बसऱ्याचा इब्न अल्-हैथम हजार वर्षांमागे अंधाऱ्या खोलीत उजेडाची पारख करीत बसला. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरचा उजेड डोळ्यात येतो, हे त्याने प्रयोगाने दाखविले. जुन्या ग्रंथात लिहिले म्हणून खरे मानू नये, सत्य शोधणाऱ्याने आधी शंका घ्यावी, असे तो सांगे. जोतीरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापून आम्हांस दुसरे काय सांगितले?

आता आमच्या घरचे पाहा. इ.स. 1030 च्या सुमारास अल्-बिरुनीने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो संस्कृत शिकला. येथील पंडितांची विद्या त्याने वाखाणली. पण हे लोक आपले ज्ञान परक्यास तर राहोच, स्वदेशातील दुसऱ्या जातीसही देत नाहीत, हेही त्याने लिहून ठेविले.

आमच्या खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ काढिला. शके 1128 चा शिलालेख साक्षीस आहे. भास्कराचार्यांपुढे आम्ही मस्तक नमवितो. परंतु त्याच लेखात मठाला उत्पन्न लावून दिले आहे. बाजारात माल घेणाऱ्याकडून कर, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल! आम्ही विचारतो, तेल देणाऱ्या तेल्याचा पोर त्या दिव्याखाली कधी पाटी घेऊन बसला काय? वेदाचा शब्द कानी पडला तरी शूद्रास शिक्षा सांगणारी शास्त्रे ज्यांनी लिहिली, त्यांनी याचे उत्तर द्यावे. याच भास्कराचार्यांची लीलावती अकबराच्या आज्ञेवरून फैजीने 1587 साली फारशीत आणिली. परका पाटणच्या दारी विद्या मागावयास आला, आणि घरचा दाराबाहेरच राहिला!

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी जुन्या खानदेशाची ती राजधानी. तेथे 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याचे जिरलेले पाणी जमिनीखालील बोगद्याने शहरात आणिले. शंभरावर कुंड्या एकीस एक जोडल्या. मोट नाही, रहाट नाही. निव्वळ उताराने पाणी चाले. मोटेवर ज्याचे हात सोलले त्या शेतकऱ्यास या अकलेची किंमत सांगावी लागत नाही. आणि ते बोगदे खणणारे हात कष्टकऱ्यांचेच होते, हेही विसरू नका.

कोणी म्हणेल, मुसलमान राजांनी देवळे फोडली, मुलूख लुटला. ज्याने लुटले त्याला लुटारू म्हणण्यास आम्ही भीत नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पण राजाच्या तलवारीचा दोष विद्वानाच्या लेखणीवर लादणे हा कोणता न्याय? आणि जो मौलवी आज पिंजाऱ्याच्या, तांबोळ्याच्या पोरीला शाळेपासून अडवितो, त्यालाही आम्ही हाच जाब विचारतो. तुझ्या पूर्वजांनी अंधाऱ्या खोलीत उजेड शोधला. तू उजेडातून पोरीला अंधारात का ढकलतोस?

जोतीरावांचे शिक्षण लोकांच्या सांगण्यावरून सुटले होते. तेव्हा गोविंदरावांची समजूत घालून त्यांना पुन्हा शाळेत पाठविणाऱ्यांत गफ्फार बेग मुनशी हे फारशी शिक्षक होते. ते गप्प बसते तर आमच्या घरात पाटी आली असती काय?

सबब बंधूंनो, द्वेषाचा माल फुकट मिळाला तरी घरी आणू नका. त्या पैशात पोरापोरींना अंकगणिताचे पुस्तक घ्या. विद्येला जात नाही, धर्म नाही. कुलूप मात्र माणसे घालतात. ते कुलूप तोडा!