हललेल्या दाताची फिर्याद

आमच्या शेजारच्या काकूंचा ठाम सिद्धांत आहे : दातांवरचे कीटण काढले की दात हलू लागतात! म्हणून हिरड्यांतून रक्त आले तरी त्या दंतवैद्याची पायरी चढत नाहीत. असे सिद्धान्ती घरोघर आहेत, म्हणून मी जरा वाचन केले, आणि खरे सांगतो, चकित झालो.

दात जबड्याच्या हाडात रोवलेला असतो. हाड म्हणजे काही दगड नव्हे; तिथे पाडापाडी आणि बांधकाम रोज चालू असते. पाडणाऱ्या पेशींचे नाव ऑस्टिओक्लास्ट. या रक्तातल्या जंतुभक्षक पेशींच्याच भाऊबंद, बरे का! पायोरियात हाड झिजते ते जंतू खातात म्हणून, असे आपण धरून चालतो. पण १९७२ साली हॉर्टन, रेझ आदी अमेरिकन संशोधकांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींना दातांवरच्या थराने डिवचले आणि त्या ज्या द्रवात वाढल्या तो नुसता द्रव उंदराच्या हाडावर घातला. हाडातले कॅल्शियम सुटू लागले! म्हणजे हुकूम आपल्याच पहारेकऱ्यांचा. १९९९ मध्ये हुकमाचा कागदही हाती लागला : चवताळलेल्या टी पेशी 'रँकल' नावाचे प्रथिन धाडतात आणि पाडणारी टोळी उभी राहते. आमवातात सांध्याची हाडे कुरतडली जातात त्यातही हाच कागद. सांधे सुजलेल्या उंदरांना रँकल अडवणारे प्रथिन टोचले, तेव्हा सूज राहिली, पण हाडे वाचली!

पहारेकरी एवढे वेडे का? २०१८ साली ताकायानागी यांच्या जपानी मंडळींनी उंदरांवरून उत्तर सुचवले : या टी पेशी जंतूंशी लढतातही, आणि हाड झिजून दात पडला की जंतूंचा अड्डाच उठतो. शरीर दातावर पाणी सोडते. हिशेब चोख, पण दात आपला जातो!

तेव्हा पहारेकऱ्यांना चिथावणारे कीटणच काढले पाहिजे. ते काढल्यावर सूज उतरते, हिरडी आक्रसते आणि आधीच झालेली झीज उघडी पडते. दोष मात्र दंतवैद्याच्या माथी. गेलेले हाड सहसा आपणहून भरून येत नाही. मधुमेह असेल तर झीज अधिक वेगाने होते, आणि सुजलेल्या हिरड्या रक्तातली साखरही चढवतात. अशांनी तर रक्ताचा पहिला थेंब दिसताच दंतवैद्य गाठावा.