झील, संहिता आणि समीक्षेचे कान

१

मराठी समीक्षेने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचले. त्यांचे संगीत मात्र ऐकले नाही. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर त्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले, १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले, जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने हा संबंध अभ्यासाच्या पातळीवर आणला. हे सारे मोलाचे होते. परंतु या व्यवहारात एक गोष्ट निमूटपणे गाळली गेली. राल्फ एलिसन हा कादंबरीकार म्हणून आला. टस्कीगी येथे संगीत शिकायला गेलेला ट्रंपेटवादक एलिसन आला नाही. जेम्स बाल्डविनची ‘सनीज् ब्लूज’ (१९५७) ही कथा भाऊबंदकीची, व्यसनाची, वंशभेदाची कथा म्हणून वाचता येते. पण तिचा सगळा भार शेवटी एका माणसाने दुसऱ्याचे पियानोवादन प्रथमच नीट ऐकण्यावर आहे. ज्या समाजाच्या साहित्याला संगीत हा केवळ विषय नसून रचनेचा आधार आहे, त्या समाजाचे साहित्य संगीतावाचून आयात झाले.

हे अनवधान नव्हे. ही पद्धती आहे. मराठी समीक्षा जे छापले गेले त्यालाच ‘कृती’ मानते. जे वाजते, गायले जाते, रात्रभर रंगते ते तिच्या लेखी फार तर ‘सामग्री’ असते. या पद्धतीची किंमत न्यूयॉर्कने मोजलेली नाही. ती चंद्रपूर-गडचिरोलीने मोजली आहे. म्हणून एका जॅझ ध्वनिमुद्रिकेचा विचार येथे करावयाचा तो रसिकतेची हौस म्हणून नव्हे, तर समीक्षेच्या उपकरणांची कसोटी म्हणून.

२

३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे, रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात थाटलेल्या स्टुडिओत, आर्ट ब्लेकी आणि ‘जॅझ मेसेंजर्स’ यांची ध्वनिमुद्रिका तयार झाली. ‘ब्लू नोट’ने काढलेली ही मुद्रिका तिच्यातील पहिल्या रचनेमुळे ‘मोनिन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ढोलांवर ब्लेकी, ट्रंपेटवर वीस वर्षांचा ली मॉर्गन, टेनर सॅक्सोफोनवर बेनी गोल्सन, पियानोवर बॉबी टिमन्स आणि बासवर जिमी मेरिट. ब्लेकी पिट्सबर्गचा, बाकीचे चौघे फिलाडेल्फियाचे. चाळिसाच्या दशकातील बीबॉपने जॅझला गती, गुंतागुंत आणि बौद्धिक ताण दिला. पन्नाशीच्या मध्यावर यांच्यासारख्या वादकांनी ती गुंतागुंत न सोडता चर्चमधील गायन आणि ब्लूज यांच्याकडे पुन्हा वळण्याचा जो प्रयत्न केला, त्यास ‘हार्ड बॉप’ म्हणतात.

शीर्षकरचनेची घडण पाहण्याजोगी आहे. चार मात्रांचे एक आवर्तन मानल्यास बत्तीस आवर्तनांची चौकट, तिचे आठ-आठचे चार भाग; पहिला, दुसरा व चौथा एकाच धुनेचे, तिसरा निराळा. पहिल्या भागात पियानो एकटा हाक देतो आणि बाकीचे सारे दोन ठोस स्वरमेळांनी उत्तर देतात. ते दोन स्वरमेळ म्हणजे प्रार्थनेनंतर जमावाने म्हणावयाचे ‘आमेन’च. टिमन्स धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेला होता. दुसऱ्या भागात भूमिका बदलतात : हाक सुषिरवाद्यांकडे जाते, उत्तर पियानो व ढोल देतात. तिसऱ्या भागात हा थांबून-थांबून चाललेला संवाद सुटतो आणि ताल सलग वाहू लागतो. पुढे मॉर्गन आपले वादन ज्या वाक्यावर संपवतो, तेच वाक्य उचलून गोल्सन सुरुवात करतो. ब्लेकीच्या ढोलांची घरघर एका वादकाला निरोप देते आणि दुसऱ्याला पुढे ढकलते. साथ आणि नेतृत्व यांतील सीमारेषा येथे पुसली जाते : मागे बसलेला ढोलवादकच रचनेचे परिच्छेद पाडतो.

या धुनेचा जन्मही सांगण्याजोगा आहे. टिमन्स ती आठ आवर्तने दोन रचनांच्या मधल्या फटीत सहज वाजवीत असे. तिला मधला भाग जोडून पूर्ण रचना कर, असा आग्रह गोल्सनने धरला. म्हणजे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ वाजत राहिलेली ‘कृती’ मुळात खेळातली भर होती, आणि तिला आकार आला तो सहकाऱ्याच्या कानामुळे. मुद्रिकेतील चार रचना गोल्सनच्या आहेत. त्यांपैकी ‘ब्लूज मार्च’मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांची चाल आहे, तर ‘द ड्रम थंडर सूट’मध्ये ढोलच निवेदक होतो.

३

आता मराठी सौंदर्यविचाराची उपकरणे या कृतीस लावून पाहावीत. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे मांडली. ‘मोनिन’ला ती लावता येतात, हाक आणि उत्तर यांत विरोध, धुनेच्या पुनरागमनात संवाद, मधल्या भागाच्या योजनेत समतोल दाखविणे अवघड नाही. पण एवढे दाखवून झाल्यावर जे उरते तेच महत्त्वाचे असते. मर्ढेकरांची लय संवेदनांमधील आहे. येथील लय माणसांमधील आहे. गोल्सनने मॉर्गनचे वाक्य उचलणे हा दोन संवेदनांचा संवाद नव्हे, तर एका माणसाने दुसऱ्याला दिलेला मान आणि दिलेले आव्हान आहे. हा नैतिक व्यवहार रचनेबाहेरचा नाही. तो काढून घेतला तर रचनाच उरत नाही. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या मर्ढेकरांच्या सिद्धांतात वादकांच्या परस्परांकडे लागलेल्या कानांना जागा नसावी, हा योगायोग मराठी समीक्षेच्या इतिहासात सूचक आहे.

रूपवादाच्या विरोधात उभा राहिलेला देशीवाद ही उणीव भरून काढील अशी अपेक्षा होती. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीने परभृत आधुनिकतेवर केलेला आघात आवश्यक होता, हे मान्य करावयास हवे. परंतु देशीवादाच्या अनुयायांनी ‘मुळांकडे परत जाणे’ हेच मूल्य ठरविले. हार्ड बॉपचा अनुभव येथे उलट साक्ष देतो, आणि ती साक्ष आतूनच आलेली आहे. लेरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) यांनी ‘ब्लूज पीपल’ (१९६३) मध्ये याच वादकांवर कठोर टीका केली : चर्चचा आवाज घेतला खरा, पण बीबॉपने लयीत आणि स्वरवाक्यांत जे मिळविले होते त्याचा धागा सुटला, ठसठशीतपणाने ताजेपणाची जागा घेतली. ही टीका ‘मोनिन’ला पुरती लागू पडत नाही, तिच्या दुय्यम अनुकरणांना पूर्ण लागू पडते. पण मुद्दा निकालाचा नाही. मुळांकडे परतणारी कलाही साचेबंद होऊ शकते, आणि तिचे मूल्य तिच्या मुळांवरून नव्हे, तर त्या मुळांशी ती आज काय करते यावरून ठरते, एवढे म्हणण्याचे धैर्य त्या समीक्षेत होते. आपल्याकडे ‘देशी’ हे विशेषण लागले की परीक्षणच थांबते.

४

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली, धान हाती येऊ लागले की मंडई, शंकरपट आणि त्यांच्या जोडीने नाटके. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र. तिकीट काढून आलेला प्रेक्षक रात्रभर बसतो. वाद्ये समोर, जिवंत. या रंगभूमीच्या मागे दंडार आहे, खडी गंमत आहे. शाहिराने ओळ टाकावी आणि झिलकऱ्यांनी ती उचलावी, ही रीत आहे. या बोलीचा आणि तिच्या लोकरंगभूमीचा पाठपुरावा डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला. ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण पुरस्काराने नाव मिळते, वाचन मिळत नाही. झाडीपट्टीविषयी विद्यापीठीय लेखन दोनच सुरांत होते. एक सूर म्हणतो : संहिता सैल, भावना भडक, गाणी उपरी. दुसरा म्हणतो : ही लोकांची अस्सल, उत्स्फूर्त अभिव्यक्ती. पहिला सूर छापील संहितेचा निकष खेळाला लावतो. दुसरा निकषच लावत नाही. दोघांचाही निष्कर्ष एकच होतो : येथे समीक्षेला काम नाही.

‘उत्स्फूर्त’ या शब्दाची तर विशेष झडती घ्यावयास हवी. आल्फ्रेड लायन या जर्मनीतून आलेल्या स्थलांतरिताने १९३९ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लू नोट’ची ख्याती अशी की, ती कंपनी वादकांना तालमीचेही पैसे देई. आयत्या वेळी सुचलेले वाटावे असे वादन तालमीतून येते, हे तिथे धंद्याच्या हिशेबातही मान्य होते. खडी गंमतीतील झिलकऱ्याने ओळ नेमक्या मात्रेवर उचलणे हा रानफुलासारखा आपोआप उमललेला गुण नव्हे; ते शिक्षण आहे, त्याला गुरू आहे, चुका आहेत, वर्षे आहेत. ‘लोक’ म्हणून त्याचा गौरव करताना त्याचे श्रम आणि त्याचे नाव दोन्ही पुसले जातात. ‘मोनिन’च्या वेष्टनावर वादकांची नावे आहेत, बासवादकही अनामिक नाही. परंपरा सामूहिक असते म्हणून कलावंत निनावी असतो, हे समीकरण तिथेच मोडते. टिमन्सचे ‘आमेन’ साऱ्या जमावाचे आहे, आणि तरीही ते टिमन्सचे आहे.

हाच न्याय भीमगीतांना लावावा लागेल. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेचा अर्थ गावोगाव पोहोचविला तो आधी गाण्याने. तरीही दलित साहित्याच्या चर्चेत कविता आणि आत्मकथन केंद्रस्थानी राहिले, आणि वामनदादा कर्डकांसारखा कवी-गायक दीर्घकाळ ‘प्रबोधन’ या कप्प्यात ठेवला गेला. ज्यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य संगीतावाचून आणले, त्यांनीच घरचे गाणे साहित्याबाहेर ठेवले, यात विसंगती नाही. ती एकाच पद्धतीची दोन टोके आहेत.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे भाग आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील माडिया व गोंडी गाणी मराठीची नाहीत. त्यांना ‘मराठी लोकसाहित्य’ म्हणणे हे बळकावणे होय. तरीही संग्राहकांचे मराठी अनुवाद पाहावेत. रेला गाण्यांना ज्या पालुपदावरून नाव मिळाले, तेच पालुपद ‘निरर्थक’ म्हणून गळते आणि शब्दार्थ तेवढा छापला जातो. ब्लेकीच्या ढोलांनाही शब्दार्थ नाही.

५

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप असा : जॅझची मुद्रिका स्थिर आहे, पुन्हापुन्हा ऐकता येते, झाडीपट्टीचा खेळ पहाटे संपतो. जे उरत नाही त्याची समीक्षा कशी करावी? परंतु मुद्रिकाही एका दिवसाचाच पाठ आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसच्या क्लब सेंट जर्मेनमध्ये याच पाच जणांनी वाजवलेले ‘मोनिन’ही मुद्रित झाले आहे, ते अधिक ऐसपैस आहे, श्रोत्यांच्या प्रतिसादाने भारलेले आहे. यांतील ‘मूळ’ कोणते, हा प्रश्नच गैरलागू आहे. दोन्ही पाठ आहेत.

आणि पाठांचे शास्त्र मराठीला परके नाही. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ स्मरणाने पुन्हा उभा करावा लागला. महानुभावांनी निरनिराळ्या सांगणाऱ्यांचे पाठभेद ‘वासना’ म्हणून त्यांच्या-त्यांच्या नावानिशी जपले. विदर्भातच वि. भि. कोलते यांनी त्या पाठांच्या चिकित्सेवर आयुष्य वेचले. सांगणाऱ्यागणिक बदलणारी कृती, बदल करणाऱ्याचे नाव, बदलाची नोंद, आणि तरीही कृतीची एकता : जॅझच्या अभ्यासाला जे लागते ते सारे या परंपरेत आहे. हे शास्त्र पोथीला लावावयाचे आणि खेळाला नाकारावयाचे, याला सिद्धांत म्हणत नाहीत. याला सवय म्हणतात.

तेव्हा मागणी साधी आहे. एम.ए.च्या वर्गात झाडीपट्टीचे नाटक शिकवावयाचे तर छापील संहिता हा त्याचा एक पाठ म्हणून शिकवावा. एकाच नाटकाचे दोन गावांतील दोन खेळ ध्वनिमुद्रित करून त्यांची तुलना प्रबंधाचा विषय म्हणून मान्य व्हावी. गाव, तारीख, नट, वादक, झिलकरी यांची नावे शीर्षकाइतक्याच काटेकोरपणे नोंदवली जावीत. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अशा ध्वनिसंग्रहासाठी याहून योग्य ठिकाण कोणते? आणि संग्रह झाल्यावर परीक्षणही व्हावे : कोणता खेळ फसला, कोणते गाणे खरोखर उपरे होते, कोणत्या रात्री नटाने संहितेपलीकडचे काही मिळविले. निर्भीड परीक्षण हाच कलावंताचा मान आहे; कौतुक ही टाळाटाळीचीच एक सभ्य रीत.

ज्या समीक्षेला हाक ऐकू येते पण उत्तर देणारे दिसत नाहीत, ती अर्धीच कृती वाचते. झिलकऱ्याने ओळ उचलली नाही तर शाहिराचा पोवाडा तिथेच थांबतो. मराठी समीक्षेपुढे ओळ टाकून बराच काळ लोटला आहे.