मनाचाही सिक रिपोर्ट

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाजवळ जुनी मराठी घरे आहेत. त्यांतलेच एक आमचे. तिथे कोणी फार दिवस उदास राहिले की सल्ले सुरू होतात : पहाटे घाटावर फिर, प्राणायाम कर, होमिओपॅथीच्या गोळ्या घे.

फिरणे मला पटते. व्यायामाने सौम्य नैराश्य कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गोळ्यांचे तसे नाही. ‘३० सी’ म्हणजे मूळ औषध दर वेळी शंभरपट, असे तीस वेळा पातळ केलेले. त्यात औषधाचा रेणूही उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने १७६ अभ्यासांचा आढावा घेऊन २०१५ मध्ये सांगितले, की कोणत्याही आजारावर होमिओपॅथीचा खात्रीलायक पुरावा नाही. गोळीने अपाय होत नाही, असे लोक म्हणतात; पण शेजारच्या दादाचे अख्खे वर्ष त्या भरवशावर गेले.

मित्रांनो, पाय मुरगळला तर आपण त्याच दिवशी सिक रिपोर्ट करतो. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप येत नसेल, तर तोच नियम पाळा. हाउसमास्तरांना सांगा, डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. पीटी चालू ठेवाच, पण डॉक्टरांऐवजी नको.