गाण्याची खोली कुणी द्यायची?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी. "राग मानू नका हं," त्यांनी चप्पल काढता काढताच सुरुवात केली. "पण हे अजून किती दिवस चालणार? आवाजाचं एक वेळ जाऊ द्या. पण तेच तेच काय हो वाजवतात? पुढे जातच नाहीत!"

'हे' म्हणजे माझ्या लेकीचा बँड. लेक सव्वीस वर्षांची आहे, ड्रम्स वाजवते. चौघांचा रॉक बँड आहे त्यांचा. तिची एक मैत्रीण गाते आणि गिटार वाजवते, शिवाय दोन मुलगे. सिनेमातली गाणी ते वाजवत नाहीत, स्वतःची गाणी स्वतःच बनवतात. जॅम रूम तासाच्या भाड्यावर मिळते. ती महिन्यातून चारदाच परवडते, कारण भाडं चौघांच्या खिशातून जातं. उरलेलं सगळं आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चालतं. ड्रम्सऐवजी रबरी पॅड आणि गिटारला टीपॉयखाली मावेल एवढा ॲम्प्लिफायर. आवाज फार नसतो, पण वहिनी म्हणाल्या ते खरंच होतं. तेच तेच असतं.

मी वहिनींना चहा दिला, "सांगते हं मुलांना" म्हटलं आणि त्यांची बोळवण केली. पण दार लावताना जाणवलं, की त्यांचा प्रश्न माझाही आहे. दीड वर्षापूर्वी लेकीने सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली. आता आठवड्यातले तीन दिवस ती लहान मुलांना ड्रम्स शिकवते, त्यातून स्वतःचा खर्च भागवते, थोडे पैसे घरातही देते. तरी मी तिला मुदत घातली होती. "दिवाळीपर्यंत काय ते कर. मग पुन्हा नोकरी बघायची. आणि स्थळंही." ती काहीच बोलली नव्हती. तिचं ते गप्प बसणं मला पटल्यासारखं वाटलं होतं. आई म्हणून आपण किती सोयीस्कर ऐकतो!

त्या रविवारी वहिनी गेल्यावर मी भाजी निवडायला हॉलमध्येच बसले. म्हटलं, बघूया तरी करतात काय. एकाने गिटारवर एक छोटासा तुकडा वाजवला. चौघांनी तो पकडला. लेकीने त्याला एक ठेका दिला, मग तो मोडून दुसरा दिला. मैत्रीण त्यावर काहीतरी गुणगुणत होती, पण त्यात शब्द नव्हते. नुसतं 'ना ना, रे रे'. तुकडा मोबाइलवर रेकॉर्ड केला, ऐकला, "इथे जड होतंय" म्हणाले, पुन्हा वाजवला. तासाभरात एकच तुकडा तीसेक वेळा. शेवटी लेक म्हणाली, "माझा ठेकाच चुकतोय. मी खूप वाजवतेय. कमी करते." आणि तिने अर्ध्याहून जास्त काढून टाकलं. काय सांगू, एकदम मोकळं झालं ते! उरलेल्या जागेत मैत्रिणीचा आवाज आला आणि पहिल्यांदा दोन शब्दही आले. ते गाणं रात्रीच्या शेवटच्या पीएमपी बसमधून घरी जाणाऱ्या बाईचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

गवारीच्या शेंगा तशाच राहिल्या. गाणं 'सुचतं' असं आपण म्हणतो. जणू आंघोळ करताना कुणाला तरी सुचतं आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर लागतं. बँडचं गाणं असं सुचत नाही. चौघांनी एका जागी बसून, कंटाळून, भांडून, चांगलं वाटलेलंसुद्धा टाकून देऊन ते हळूहळू सापडतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, एक जागा आणि कुणी हिशेब मागणार नाही असा वेळ.

रात्री लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू 'इंडियन ओशन' ऐक." ऐकलं. नंतर तिच्याच लॅपटॉपवर त्यांच्यावरचा 'लीव्हिंग होम' हा जयदीप वर्मा यांचा २०१० सालचा माहितीपटही पाहिला. दिल्लीचा हा बँड १९९० मध्ये सुरू झाला. सुश्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला वाजवत गाणारे, पुढे राहुल राम आणि अमित किलम आले. पहिला अल्बम १९९३ मध्ये, दुसरा १९९७ मध्ये आणि ज्याने त्यांचं नाव सगळीकडे झालं तो 'कंदिसा' २००० मध्ये. म्हणजे दहा वर्षांत तीन अल्बम! आमच्या घरच्या मुदतीत हा बँड कधीच 'नापास' झाला असता.

आणि त्या दहा वर्षांत काय काय शिरलं त्यांच्या गाण्यांत! राहुल राम हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट करून आलेले. नव्वदच्या दशकातली पहिली काही वर्षं ते नर्मदा बचाव आंदोलनात होते. त्याच खोऱ्यातली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा, धडगावकडची गावंही सरदार सरोवराच्या बुडितात गेली. तिथल्या लोकगीतातून त्यांचं 'मा रेवा' आलं. 'कंदिसा' हे तर केरळमधल्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन अरामी भाषेतल्या प्रार्थनेवरून केलेलं. खोऱ्यात काढलेली ती वर्षं कुणी 'करिअरमधली गॅप' म्हणून मोजली असती, तर 'मा रेवा' आलं असतं कुठून?

मला सगळ्यात भिडली ती त्यांची खोली. दिल्लीत करोल बागेतल्या एका जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं सराव करायचे. तिथे बसून वाजवायचं, गप्पा मारायच्या, पुन्हा वाजवायचं. २००९ च्या नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती गेले. पुढच्या वर्षी त्यांचा आवाज असलेला शेवटचा अल्बम आला. त्यातली गाणी बँडने दर महिन्याला एक अशी इंटरनेटवरून फुकट देऊन टाकली. अल्बमचं नाव काय, तर '१६/३३० खजूर रोड'. त्या बंगल्याचा पत्ता! गाण्याचं नाही, माणसाचं नाही, अल्बमला नाव दिलं ते जागेचं. ज्या भिंतींनी तेच तेच निमूटपणे ऐकून घेतलं, त्यांचे आभार मानायची ही किती साधी रीत.

आता आमच्या भिंतींकडे येते. आमच्या घरात एक मागची खोली आहे. गेली तीन वर्षं ती माझ्या पुतण्याकडे आहे. एमपीएससी करायला तो गावाहून आलाय. तो अभ्यासाला बसला, की आम्ही टीव्ही बंद करतो. पाहुण्यांना हळू बोलायला सांगतो. दोनदा त्याची पूर्वपरीक्षा हुकली, तेव्हा आम्हीच त्याला समजावलं, "अरे, वेळ लागतोच." त्याला हे दिलं याचं मला जराही वाईट वाटत नाही. पोरगा कष्टाळू आहे. पण याच घरात लेकीला मात्र मी दिवाळीची मुदत दिली आणि मागची खोली तिने मागावी असं तिला वाटलंसुद्धा नाही. आम्ही कुणी नाही म्हटलं नव्हतं. विचारायचं नसतं, हे तिला न सांगताच कळलं होतं.

हे न सांगता कळणं आलं कुठून? माझ्याकडून. आमचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या बँकेचा संघ राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा. तालमी आमच्याच दोन खोल्यांच्या घरात. दहाबारा माणसं, रात्री बारा-एकपर्यंत. तेच तेच संवाद! मी पोहे, चहा, पुन्हा चहा करत राहायचे. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "कलेचं घर आहे हो आमचं." खरंच होतं ते. फक्त त्या घरात कला हॉलमध्ये होती आणि मी स्वयंपाकघरात. मीही तेव्हा कविता लिहायचे. वही पिठाच्या डब्यामागे असायची. ती कुणी लपवायला लावली नव्हती. पण मी लिहायला बसले आणि घरातल्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, असं मात्र कधी घडलं नाही. वही कधी बंद झाली, मला आठवतही नाही. ही तक्रार नाही. नवऱ्याने कधी अडवलं नाही. पण न अडवणं आणि जागा करून देणं यांत फरक आहे, तो कळायला मला चोपन्न वर्षं लागली.

काही ठिकाणी तर सरळ अडवतातच. श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींनी 'प्रगाश' नावाचा रॉक बँड काढला होता. प्रगाश म्हणजे प्रकाश. डिसेंबर २०१२ मध्ये बँडच्या एका स्पर्धेत त्या पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभ्या राहिल्या आणि बक्षीस घेऊन आल्या. मग इंटरनेटवरून शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. मुख्य मुफ्तींनी फतवा काढला. तेव्हाचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला त्यांच्या बाजूने बोलले, तरी फेब्रुवारी २०१३ मध्ये मुलींनी बँड बंद केला. 'इंडियन ओशन'ला पहिल्या अल्बमपर्यंत पोचायलाच तीन वर्षं मिळाली होती. या मुलींना पहिल्या कार्यक्रमानंतर तीन महिनेही मिळाले नाहीत.

आपल्याकडे कुणी फतवा काढत नाही, असं म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण "किती दिवस चालणार?" हा प्रश्न हसतहसत, चहा पिता पिता विचारला, तरी त्याने बँड बंद पडतोच. फक्त सावकाश पडतो आणि त्याची बातमी होत नाही. मुलगी नोकरीला लागते, लग्न होतं, ड्रम्स विकले जातात. सगळे म्हणतात, "हौस होती, झाली पुरी."

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाच्या गाण्याचं 'कंदिसा' होत नाही. अगदी मान्य. माझ्या लेकीचं गाणं चांगलं होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण पुतण्या कलेक्टर होईल की नाही, हे तरी कुठे ठाऊक आहे? त्याला आपण खात्री बघून खोली दिली नाही, विश्वासावर दिली. मुलीला मात्र आधी यश दाखव म्हणतो आणि मग दार उघडतो. आयुष्यभर पोसा, असं मी म्हणत नाहीये. तिने कमवावं, घरात पैसे द्यावेत, शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार करावा. माझं म्हणणं एवढंच, की घरातला मोकळा वेळ आणि बंद होणारं दार यांची वाटणी करताना एकदा पानं मोजून बघावीत. कुणाच्या ताटात किती पडलं ते.

मी हे घरात बोलले तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझी वही कुठे गेली गं?" त्यावर मी काही बोलले नाही. पण पुतण्याने लगेच तोडगा काढला. "काकू, मी चार ते सात अभ्यासिकेत जातो. तिथे लक्षही चांगलं लागतं. ताईला खोली वापरू दे." इतकं सोपं होतं. तीन वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

दिवाळीची मुदत मी मागे घेतली. लेकीला तसं सांगितलं, तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली आणि रात्री भांडी घासताना ठेका धरत बसली. मागच्या खोलीला आता जाड पडदे लावलेत, दाराखाली जुनी गोधडी. चहा ज्याचा तो करून घेतो.

काल जिन्यात खालच्या वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "हल्ली आवाज येत नाही. बंद केलं का मुलांनी?"

म्हटलं, "नाही हो. मागच्या खोलीत बसतात."

"मग? गेलं का पुढे?"

"गेलं ना," मी म्हटलं. "दोन ओळी."