युरिया स्वस्त, तरी शेतीला महाग का पडतोय? समजून घ्या खतांचं बिघडलेलं गणित

२०२५ च्या खरिपात देशातल्या अनेक राज्यांमध्ये युरियासाठी शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. कुठे पहाटेपासून दुकानासमोर गर्दी, तर कुठे आधार कार्डामागे मोजून एक-दोन गोण्या. त्या फोटोंवर सोशल मीडियात भरपूर चर्चा झाली. साठेबाजी, आयात, चीननं निर्यातीवर घातलेले निर्बंध, सगळ्यांवर बोट ठेवलं गेलं.

एक प्रश्न मात्र त्या चर्चेत मागे पडला. आपल्याला इतका युरिया लागतोच कशाला? आणि जितका टाकतोय, तितकं पीक खरंच वाढतंय का?

आकडे काय सांगतात?

२००९-१० मध्ये देशात सुमारे २६७ लाख टन युरिया खपला. २०२३-२४ मध्ये हा आकडा साधारण ३५७ लाख टनांवर गेला. म्हणजे १४ वर्षांत ९० लाख टनांची वाढ. मधल्या काळात २०१५ मध्ये युरियावर निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं, २०१८ मध्ये गोणी ५० किलोंवरून ४५ किलोंची झाली. एकरी गोण्यांचा हिशेब तोच राहील आणि खप आपोआप कमी होईल, असा गोणी लहान करण्यामागचा विचार होता. तरीही खप वाढतच गेला.

आता दुसरा आकडा पाहा. सिंचनाखालच्या जमिनीत १९७० मध्ये एक किलो खतातल्या अन्नद्रव्यामागे सुमारे १३ किलो जादा धान्य मिळायचं. २००५ पर्यंत ते चार किलोंच्याही खाली आलं. शेतीवरच्या अहवालांमध्ये आणि धोरणांच्या चर्चेत हा आकडा वारंवार दिला जातो. साध्या भाषेत सांगायचं तर तेवढंच जादा पीक काढायला आता तिपटीहून जास्त खत लागतं.

युरियाच का? कारण तो स्वस्त आहे

पिकाला मुख्यतः तीन अन्नद्रव्यं जास्त प्रमाणात लागतात. नत्र, स्फुरद आणि पालाश. युरियातून फक्त नत्र मिळतं. डीएपीमधून स्फुरद आणि थोडं नत्र, तर म्युरेट ऑफ पोटॅशमधून पालाश.

२०१० मध्ये केंद्र सरकारनं अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान योजना आणली. खताच्या गोणीत कोणतं अन्नद्रव्य किती आहे, त्यानुसार ठरावीक अनुदान आणि विक्रीचा दर बऱ्याच अंशी बाजारावर. या योजनेतून युरिया वगळला गेला. परिणामी स्फुरद आणि पालाश देणारी खतं महागली, युरिया जागच्या जागी राहिला. २०१२ पासून युरियाचा मूळ दर टनाला ५,३६० रुपयांवर थांबलेला आहे. शेतकऱ्याला ४५ किलोंची गोणी कर आणि निंबोळी आवरणाचा खर्च धरून २६६ रुपये ५० पैशांना मिळते.

थोडं गणित करू. या गोणीत २०.७ किलो नत्र असतं, म्हणजे एक किलो नत्र पडतं १३ रुपयांच्या आसपास. डीएपीची ५० किलोंची गोणी १,३५० रुपयांना. त्यातल्या नत्राची किंमत युरियाच्या भावानं वजा केली, तर एक किलो स्फुरद ५३-५४ रुपयांना पडतं. म्हणजे चौपट. पालाशही स्वस्त नाही, आणि ते जवळपास सगळं आयात होतं.

हात तंगलेला शेतकरी काय करेल? दोन्ही गोण्या घेणं जमत नसेल तर तो स्वस्त गोणी घेईल. त्यात युरियाचा परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो. चार-आठ दिवसांत पीक हिरवंगार होतं. स्फुरद मुळांवर काम करतं, पालाश दाणा भरताना आणि पाण्याचा ताण पडल्यावर उपयोगी येतं. हे बांधावरून दिसत नाही.

म्हणून २००९-१० मध्ये देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचं प्रमाण ४.३ : २ : १ होतं, ते २०१२-१३ मध्ये ८.२ : ३.२ : १ झालं. २०२३-२४ मध्ये ते १०.९ : ४.४ : १ होतं. शेतकरी अडाणी आहे म्हणून हे घडलेलं नाही. दरफलकानं जे सांगितलं, ते त्यानं ऐकलं.

नुसतं नत्र दिलं तर काय बिघडतं?

समजा घरात दहा जणांना पुरेल एवढं पीठ आहे, पण सिलिंडरमध्ये दोनच भाकऱ्यांपुरता गॅस उरलाय. आणखी पीठ आणून भाकऱ्या वाढणार नाहीत. पिकाचंही तसंच आहे. जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी पडतं, ते उत्पादनाची मर्यादा ठरवतं. १९व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांनी हा नियम लोकांपर्यंत नेला आणि आजही खतांच्या शिफारशी त्याच पायावर उभ्या आहेत.

मग जादा युरियाचं होतं काय? दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ५० टक्केच पीक घेतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहेत. अशा जमिनीवर युरिया नुसता फोकून दिला, तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया वायू होऊन हवेत जातं. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. काही नायट्रस ऑक्साइडच्या रूपात वातावरणात जातं. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. पिकात उरलेल्या जादा नत्रानं पानं लुसलुशीत होतात, किडींना आमंत्रण मिळतं आणि गहू-भातासारखी पिकं लोळतात.

५० वर्षांच्या प्रयोगांमधून काय दिसलं?

भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९७० मध्ये देशात ११ ठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. पुढे केंद्रांची संख्या वाढली. पद्धत सोपी आहे. शेजारी शेजारी तुकडे पाडायचे. एकाला काहीच खत नाही, एकाला फक्त नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला तिन्ही, आणि एकाला तिन्हींसोबत शेणखत. मग दरवर्षी तेच, दशकानुदशकं.

हिमाचल प्रदेशात पालमपूरला मका-गव्हाच्या प्रयोगात फक्त नत्र दिलेल्या तुकड्याची जमीन वर्षागणिक आम्लधर्मी होत गेली. शेवटी तिथे पीक येणंच थांबलं. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत असं आम्ल वाढत नाही, त्यामुळे पालमपूरचा निकाल जसाच्या तसा विदर्भाला लावता येणार नाही. पण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हावर असाच प्रयोग सुरू आहे आणि तिथेही तिन्ही अन्नद्रव्यांसोबत शेणखत दिलेला तुकडा उत्पादनात आणि जमिनीच्या तब्येतीत पुढे राहिला.

कारण शेणखत फक्त अन्नद्रव्यं देत नाही. त्यानं सेंद्रिय कर्ब वाढतो, म्हणजे जमीन भुसभुशीत राहते, पाणी धरते आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन 'कमी' गटात धरतात.

जस्त आणि गंधक कुठे गेलं?

१९६० च्या दशकात उत्तर भारतातल्या तराई भागात भाताची पानं तांबूस होऊन रोपं खुरटू लागली. हा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगर कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. तिथे युरिया वाढवून उपयोग नव्हता, झिंक सल्फेटची फवारणी करावी लागली. आज देशातल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत जस्त कमी आढळतं.

गंधकाची गोष्ट आणखी बोलकी आहे. पूर्वी स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं जायचं. त्यात स्फुरदासोबत ११ टक्के गंधक असतं. वाहतुकीला सोपं आणि जास्त स्फुरद देणारं डीएपी आलं आणि फुकट मिळणारं हे गंधक बंद झालं. सोयाबीन, भुईमूग, करडई या तेलबियांना तर गंधक हमखास लागतं. सोयाबीन आपलं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठींमधून स्वतः मिळवतं. त्याला युरियाचा मारा केला की त्या गाठीच कमी होतात.

मग ४:२:१ पाळलं की झालं?

नाही. नत्र, स्फुरद, पालाश ४:२:१ असावं, हे अनेकदा आदर्श प्रमाण म्हणून सांगितलं जातं. पण देशभराचं एक प्रमाण कोणत्याही एका शेताला बरोबर बसत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक काळ्या जमिनींत पालाश मुळातच भरपूर आहे, कोकणातल्या जांभ्या जमिनीची गरज वेगळी. केळी आणि ऊस पालाश भरपूर उचलतात, कडधान्यांना नत्र कमी लागतं.

यावर उत्तर शोधायला १९६७ पासून माती परीक्षण आणि पिकाचा प्रतिसाद यांची सांगड घालणारा देशव्यापी प्रकल्प सुरू आहे. मातीत काय आहे आणि किती उत्पादन हवंय, हे दोन आकडे घालून खताची मात्रा काढायची समीकरणं त्यातून तयार झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं आपल्याकडच्या पिकांसाठी अशी समीकरणं दिली आहेत.

कमी युरियात जास्त भात: चारसूत्री

खत किती, याइतकंच ते कुठे आणि कधी देतो हे महत्त्वाचं. याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लागवड. सूत्रं अशी: पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध एक गोळी चिखलात ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची.

चिखलात खोलवर हवा नसते, त्यामुळे नत्र तिथे अमोनियम रूपात टिकतं. ना हवेत उडत, ना पाण्याबरोबर वाहून जात. बांगलादेशात हीच पद्धत 'गुटी युरिया' म्हणून पसरली आणि युरिया सुमारे एक तृतीयांश वाचला. अडचण आहे ती मजुरीची. वाकून एकेक गोळी खोचायला माणसं लागतात आणि युरिया इतका स्वस्त असताना तो वाचवण्यासाठी मजुरी कोण देणार? पुन्हा दराशीच येऊन थांबतो आपण.

माती परीक्षणाचं कार्ड आलं, मग अडलं कुठे?

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्रानं मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. मातीच्या १२ तपासण्या आणि त्यानुसार खताचा सल्ला. या पत्रिकेमुळे रासायनिक खतांचा वापर ८ ते १० टक्क्यांनी घटला आणि उत्पादन ५ ते ६ टक्क्यांनी वाढलं, असा राष्ट्रीय उत्पादकता परिषदेच्या २०१७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

पण योजनेच्या सुरुवातीला बागायतीत अडीच हेक्टरमागे आणि कोरडवाहूत दहा हेक्टरमागे एक नमुना घेतला जायचा. दहा हेक्टरांत अनेकांची शेतं येतात. शेजाऱ्याच्या मातीवरून आपल्या शेताचा सल्ला मिळत असेल, तर विश्वास कसा बसणार? शिवाय पत्रिकेवर पालाश लिहून आलं तरी दुकानात परवडणारी गोणी युरियाचीच.

नॅनो युरिया किंवा रासायनिक खतं बंद, हे उपाय आहेत का?

२०२१ मध्ये इफ्कोनं नॅनो युरिया बाजारात आणला. ४ टक्के नत्राच्या ५०० मिलीच्या बाटलीत नत्र भरतं २० ग्रॅम, गोणीत २० किलोंहून जास्त. ही बाटली गोणीची जागा घेईल का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात जमिनीतून द्यायचं नत्र कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर गहू आणि भात दोन्हींचं उत्पादन घटलं. इफ्कोला हे निष्कर्ष मान्य नाहीत.

दुसरं टोक श्रीलंकेनं पाहिलं. २०२१ मध्ये तिथे रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. पिकानं उचललेलं अन्नद्रव्य जमिनीला परत द्यावंच लागतं, आणि सगळ्यांना पुरेल एवढं शेणखत एका हंगामात उभं राहत नाही.

आता करायचं काय?

शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट नक्की आहे, स्वतःच्या शेताचा नमुना. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे २० सेंटीमीटरांचे खड्डे घ्या. बांध, झाडाखालची आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. माती एकत्र करून अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी वापरू नका, नाहीतर अहवाल तिचाच येईल.

बाकीचं सरकारच्या हातात आहे. २०२२-२३ मध्ये खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले. युरियाही अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानात आणावा, ही शिफारस तज्ज्ञ वर्षानुवर्षं करतायत. तसं केलं तर युरिया महागेल आणि कोणत्याही सरकारला ते राजकीयदृष्ट्या जड जातं. पण वाचलेला पैसा स्फुरद, पालाश, जस्त आणि शेणखताकडे वळवता येतो, किंवा एकरी थेट शेतकऱ्याच्या खात्यात देता येतो.

पुढच्या खरिपात युरियाच्या रांगेचा फोटो समोर आला, तर 'साठा किती आहे?' एवढंच विचारून थांबू नका. त्या रांगेतल्या किती जणांच्या शेताला खरंच नत्र कमी पडतंय, हेही विचारा. आज ते त्या शेतकऱ्याला कुणी सांगत नाही आणि त्याची किंमत तोही मोजतोय, कर भरणारे आपणही.