चित्राची वंशावळ

बाजारात खोटी नोट आली की सरकार जागे होते. खोटे चित्र आले की मात्र सारेच गप्प बसतात. विकणाऱ्याला पत जाण्याची भीती, घेणाऱ्याला हसे होण्याची, आणि जाणकाराला कोर्टकचेरीची! या मौनावरच बनावट चित्रांचा धंदा पोसला जातो.

२००६ साली जर्मनीत कोलोन येथील लिलावात हाइनरिख काम्पेनडोंक यांचे १९१४ सालचे म्हणून एक चित्र सुमारे २९ लाख युरोंना विकले गेले. शैली जुळत होती. पाठीवर जुन्या संग्रहाची चिठ्ठीही होती. पुढे तपासणीत त्यात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला. १९१४ साली तो चित्रकारांना उपलब्धच नव्हता. चिठ्ठीही बनावट ठरली आणि वोल्फगांग बेल्ट्राकी या नकलकाराला २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रे बनावट असल्याचा निर्वाळा पुरातत्त्व खात्याच्या समितीने दिला.

यातून घेणाऱ्याने काय शिकावे? सहीवर विसंबू नये. नकलेत सर्वांत सोपी तीच. चित्राची वंशावळ विचारावी: चित्रकाराच्या हातून ते कोणाकडे गेले, कोठे प्रदर्शित झाले, कोणत्या सूचीत छापले गेले. कागदही बनावट असू शकतात, म्हणून ते मूळ ठिकाणी पडताळावेत. चित्र उलटून पाहावे. कापड, चौकट, खिळे यांचे वय चित्राच्या वयाशी जुळले पाहिजे. किंमत मोठी असेल तर रंगद्रव्यांची आणि क्ष-किरणांची तपासणी करून घ्यावी. मात्र प्रयोगशाळा खोटेपण सिद्ध करू शकते. खरेपणाचा दाखला एकटी देऊ शकत नाही. जुने कापड आणि जुने रंग नकलकारही मिळवतो. मत देणारा जाणकार विक्रेत्याच्या पैशावर अवलंबून नसावा, आणि चित्र खोटे ठरल्यास पैसे परत करण्याची हमी पावतीवर लेखी असावी.

श्रीमंतांच्या या फसवणुकीशी सामान्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. खोटे चित्र सार्वजनिक संग्रहालयात शिरले की पैसा जनतेचा जातो, आणि भिंतीसमोर वही घेऊन बसलेला विद्यार्थी खोटी रेषा गिरवतो. १९७२ च्या कायद्याने रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा यांची चित्रे राष्ट्राचा कलानिधी ठरवली. पण निधी कोणता आणि नक्कल कोणती हे उघड नोंदींवाचून कळणार कसे? रवींद्रनाथांच्या चित्रांची चार खंडांची चित्रावली २०११ मध्ये निघाली. तसे काम इतरांच्या बाबतीतही व्हावे. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक चित्राची वंशावळ लोकांना पाहता आली पाहिजे. अंधारात झालेल्या व्यवहाराची राखण शेवटी अंधारच करतो.