पारशिवनीत अडवणार कुणाला?

मानसिक आजारांचे आणि दारू सोडवण्याचे सरकारी उपचारही विमा कंपनीच्या नियंत्रणात द्या, म्हणजे पूर्वपरवानगी लागेल, पॅकेज ठरेल, उधळपट्टी थांबेल, असा एक युक्तिवाद आहे. तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1992 मध्ये गरिबांसाठीचे हे उपचार खासगी कंपनीच्या हाती दिले आणि खर्च खरंच उतरला. पण तो उतरला मुख्यतः रुग्णालयातल्या भरतीचा खर्च छाटून. शिवाय असा पहारेकरी नेमायचा तर दारात गर्दी हवी. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्याकडे दारूच्या विकाराचे शंभरातले 86 जण उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. मग नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत अडवणार कुणाला?

विम्याच्या कार्डाचं म्हणाल तर आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पण ते भरती झालेल्यासाठी. देशी असो की मोहाची, दारू सुटताना हातपाय थरथरतात, आकडी येते, भ्रम होतो. हे सारं पहिल्या काही दिवसांतलं. खरी लढाई त्यानंतर घरी, महिनोन्‌महिने चालते आणि पॅकेज तर सुट्टीनंतर पंधरा दिवसांतच संपलेलं असतं. नैराश्याच्या रुग्णाला बहुधा खाट लागतच नाही. गोळ्या लागतात, बोलणारं माणूस लागतं. कोलितमाऱ्याकडच्या मजुराने त्यासाठी दर महिन्याला नागपूर गाठायचं म्हणजे एसटीचं भाडं गेलं, रोजीही बुडाली. हा खर्च कोणत्या पॅकेजात बसतो?

व्यवस्थापन हवंच, पण ते उपचारांतून गळालेल्या रुग्णाचं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी दारूच्या रुग्णांबरोबर मोजक्या बैठका घेतल्या; त्याचाही गुण आला. मनोविकारतज्ज्ञ लागतोच, पण प्रत्येक भेटीला नाही.

आणि ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला उपचारांसाठी लांब जावं लागता कामा नये आणि आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. तेव्हा पारशिवनीच्या ग्रामीण रुग्णालयात गोळ्यांचा साठा कधी तुटू नये, तज्ज्ञाचा दिवस ठरलेला असावा, आणि तारीख चुकवणाऱ्याच्या घरी आशाताईने जावं, त्याचा मोबदला तिला वेगळा मिळावा. कंपनीला आणायचंच असेल तर खुशाल आणा. फक्त तिचे पैसे नाकारलेल्या दाव्यांवर ठरवू नका, सहाव्या महिन्यातही किती रुग्ण येताहेत यावर ठरवा. या अटीवर निविदा भरायला कोण पुढे येतं, ते बघू.